वकीलसाहेबांनी गाळलेला शब्द

"ए पोरी, ओबे म्हणजे काय?"

"आज्ञा पाळणे."

"ओबिडियंट?"

"आज्ञाधारक."

"ऑब्लाइज?"

"उपकार करणे."

पाहुणे हसायचे. वकीलसाहेब बशीतला पेढा माझ्याकडं फेकायचे. मी झेलला की अजून हसायचे. "मेंढरामागून आणली," सांगायचे, "आता इंग्रजी बोलती." आणि मी? येडी मान ताठ करून उभी. वाटायचं, आपला सत्कार चाललाय. ती पोरगी आज समोर आली तर मीच तिच्या टाळक्यात एक हाणीन.

पाचोडकडं आमची मेंढरं. आप्पांनी, माझ्या वडलांनी, मला औरंगाबादला वकीलसाहेबांकडं ठेवलं. भांडी घासायची, पाणी भरायचं आणि शाळेत जायचं, असं ठरलेलं. साहेबांची सारी वकिली उर्दूतली. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, कोर्टातली उर्दू उतरली, तशी त्यांनी जाडजूड इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणली. दाढी करता करता शब्द घोकायचे. लई चुकायचे. डिक्शनरी कपाटात, कपाटाला कुलूप. मला तीन शब्द तोंडी दिले. तीर्थ दिल्यासारखे.

मॅट्रिकचा फॉर्म आला. शहरातले पालक म्हणून सही साहेबांची लागणार. ते म्हणाले, सूनबाईचं बाळंतपण आहे, यंदा परीक्षा राहू दे. मी बरं म्हणाले. म्हणाले की! ओबिडियंट ना मी.

त्याच आठवड्यात दिवाळीची झाडलोट. कपाट उघडं. माझे तीन शब्द छापलेले कसे दिसतात, एवढंच बघायचं होतं. तिन्ही एकाच पानावर सापडले. पण मधे इतरही होते. ओबिडियंटच्या खाली ओबीस, म्हणजे लठ्ठ. साहेबांचं पोट आठवून मी पदर तोंडात कोंबला. मग ओबे. आणि ओबे नि ऑब्लाइजच्या मधोमध ऑब्जेक्ट. हरकत घेणे.

हसू गेलं. हा तर साहेबांच्या पोटापाण्याचा शब्द. कोर्टात रोज तोच ओरडायचा, त्यावर घर चालवायचं. मला शिकवताना तेवढाच गाळला. तांदळातला खडा काढावा तसा.

संध्याकाळी पाहुणे. पेढ्यांची बशी.

"ओबे?"

"ऑब्जेक्ट."

"ते नाही विचारलं."

"त्याच्याच खाली हाय, साहेब. हरकत घेणे. मी घेतली. परीक्षेला बसणार."

सवयीनं पेढा फेकला गेला. मी हात उचलला नाय. फरशीवर पडला. कुणी हसलं नाय.

सही त्यांनी केली नाहीच. सकाळी भांडी तशीच टाकून मी एसटीनं गावाकडं गेले, आप्पांना घेऊन आले. हेडमास्तरीणबाईंना विचारलं, पालकाचा अंगठा चालतो का. चालतो, म्हणाल्या. आप्पांचा मेंढराच्या वासाचा अंगठा फॉर्मवर उमटला. त्या घराचा उंबरा मी परत ओलांडला नाय.

ओबीस तेवढं तोंडावर म्हणायचं राहिलं. त्याची चुटपुट अजून हाय.

आजही कुणी गोड तोंडानं माझ्या हातावर निवडक शब्द ठेवायला येतं. मी हात पुढं करत नाय. आधी पान दाखव, म्हणते. अख्खं.