हळदीकुंकू लागलेला ग्रॅनाइट

मुठ्याचा जयसिंग म्हणजे हातगुणाचा माणूस. पिरंगुटापासून मुठ्यापर्यंत शहरवाल्यांचे जेवढे बंगले उठले, त्यांतल्या निम्म्यांना पाणी त्याच्या बोअरने दिलं. हे तो स्वतःच सांगतो. नम्रपणा त्याला कधी मानवला नाही, आणि का मानवावा?

खोऱ्यात शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडायला घेतलं, तेव्हा मशिनवर जयसिंगच उभा राहिला. आपला काळा कातळ म्हणजे नुसतं वरचं पांघरूण. त्याच्याखाली पृथ्वीच्या बाळपणीचा ग्रॅनाइट आहे, असं क्षितिजा मॅडम सांगत. मॅडम नांदेडच्या, या कामाच्या प्रमुख. त्या दगडाच्या फटींत, उजेडावाचून, काही सूक्ष्म जीव तग धरून आहेत का, हे त्यांना पाहायचं होतं. त्यावरून पृथ्वीवरचे पहिले जीव कसे जगले असतील याचा अंदाज येणार होता. गावकरी हसत, "पाणी न्हाई काढायचं, तर भोक कशापायी?"

"पाण्याच्या बी आधीचं काढतोय," जयसिंग मिशीवर हात फिरवत म्हणे.

महिनोन्महिने काळा दगडच वर येत राहिला. मग एके दुपारी नळीतून गुलाबी-करड्या ठिपक्यांचा गोल दांडका बाहेर आला आणि जयसिंगच्या अंगावर काटा आला. पाणी लागलं की हळदीकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, ही बोअरवाल्यांची रीत. इथे तर पाण्याचा पणजोबा लागला होता! मॅडम शेडमधून धावत येईतो जयसिंगने आणि त्याच्या हाताखालच्या पोरांनी दगड हळदीने माखला होता आणि त्यावरून नारळाचं पाणी ओघळत होतं.

मॅडम मटकन खाली बसल्या. "काका, हे काय केलंत? आता यातले जीव खडकातले की नारळातले, कसं ओळखायचं?"

जयसिंगला कळलं आणि त्याचं तोंड उतरलं. साइटचे साहेब अण्णासाहेब कडाडले, "उद्यापासून मशिनवर दुसरा माणूस!" त्या रात्री आई धोंडाबाईंनी वाढलेलं ताट त्याने तसंच बाजूला सारलं. आयुष्यभर कमावलेला हातगुण एका नारळापायी गेला होता.

सकाळी तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "म्याच केलं. पोरांना बोलू नका. मॅडम, आजची एक नळी मला काढू द्या. तीबी बिघडली, तर मी पुन्यांदा मशिनला शिवायचो न्हाई."

अण्णासाहेब काही बोलणार, एवढ्यात मॅडम म्हणाल्या, "काढा."

दिवसभर त्याने मशिनला घाई करू दिली नाही. नळी वर आली तेव्हा आतला दांडका सलग होता, कुठे टवकासुद्धा नाही. नारळ फोडणारी सगळी टोळी हात पाठीमागे बांधून लांब उभी होती. मॅडमनी निर्जंतुक हातमोजे घालून तो दांडका गुंडाळला, डब्यात सीलबंद केला आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "काका, असा नमुना मी आजवर पाहिला नाही."

जयसिंगची छाती फुगली. त्याने गमबूट काढले आणि त्या डब्यासमोर अनवाणी उभा राहिला.

"बूट घाला आधी!" अण्णासाहेब ओरडले. "साइटचा नियम आहे!"

"हात लावायचा न्हाई, सायेब, मान्य," जयसिंग म्हणाला. "पन एवढ्या वडीलधाऱ्यापुढं पायताण घालून कसं हुबं ऱ्हायचं?"

अण्णासाहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खाली वाकून आपल्या बुटांच्या नाड्या सोडत होत्या.