दारछिंगीचा तांदळाचा डबा

आमच्या डोंगरात भात चुलीवर चढण्याआधी प्रत्येक घरात एक मूठ तांदूळ चर्चच्या डब्यात पडतो. शनिवारी आम्ही बायका पाठीला टोपली लावून तो गोळा करतो. आठवड्याचा डबा किती जड लागायला हवा, हे माझ्या हाताला पाठ आहे. जिला आम्ही मानाने 'पी' म्हणायचो, त्या दारछिंगीचा डबा कायम दुप्पट जड असायचा.

तो तिचा संताप होता. तिचा एकुलता एक मुलगा रेमा, माझ्याही अंगाखांद्यावर वाढलेला, खुमाच्या जीपमधून दरीत गेला. खुमा दारू पिऊन चालवत होता आणि नेमका तोच वाचला. तो राहायला तिच्याच अंगणाखालच्या घरात. एकदा ती कोयता घेऊन त्याच्या पायऱ्या उतरत होती, तेव्हा आमच्या पास्टरांनी तिला अडवलं.

"राग आला की एक मूठ तांदूळ डब्यात टाक, आणि त्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना कर. राग संपेपर्यंत त्याच्याशी चकार शब्द बोलायचा नाही."

अकरा वर्षं तिने तेच केलं. मी चिडवायची, "पी, तुझ्या रागावर पास्टर बाळसं धरतायत!"

"धरू देत. ज्या शनिवारी डबा रिकामा दिसेल, त्या दिवशी खुमाला सांग, माझं संपलं म्हणून."

तो शनिवार यायच्या आतच, ऐन थंडीत ती गेली. तिला पुरलं, शेजाऱ्यांनी बसून शोकाची गाणी म्हटली. डबा मी स्वतः रिकामा केला, घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली.

पुढच्या शनिवारी झाडलोट करायला गेले आणि डबा उचलला. जड! आतला तांदूळ ऊबदार होता, आत्ताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.

बाहेर आले तर कुंपणाशी खुमा.

"मापुई, भरलाय ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"ऐकू येतं. भर दुपारी तांदूळ पडतो. मग माझं नाव." "मला वाटलं, मेल्यावर तरी सोडेल मला."

"एवढ्यात?" मी म्हणाले. मला त्याची दया आली नाही, खोटं कशाला बोलू.

दर शनिवारी मी तो टोपलीत ओतून घेत होते. दुसऱ्या शनिवारी डबा अर्धाच भरला होता. तिसऱ्या शनिवारी तळाला दोन मुठी. चौथ्या शनिवारी रिकामा, आणि हाताला गार.

"पू खुमा!" मी वरूनच हाक मारली. अकरा वर्षांत त्याला मानाने हाक मारली ती तेव्हाच. "संपलं तिचं. डबा रिकामा आहे."

मला वाटलं, त्याला हायसं वाटेल. त्याने कुंपणाचा बांबू घट्ट धरला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"मापुई, देवापुढे माझं नाव घेणारी ती एकटीच होती गं. आता कोण घेणार?"

मी घरी आले, भाताचं आधण ठेवलं. रोजची मूठ डब्यात टाकली. मग दुसरी मूठ भरली. दातओठ खात का होईना, त्याचं नाव घेतलं.