दिगूभाऊजींची जपानीण

फोन आला तेव्हा मी ताडकळसला बहिणीकडं शेवग्याचा पाला निवडत बसले होते. परभणीहून शेजारच्या बाई बोलत होत्या, आणि त्या काय सांगायल्यात ते माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं. कारण तासाभरापूर्वीच दिगूभाऊजींचा, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांचा, फोन येऊन गेला होता. त्यांनी विचारलं होतं, "वहिनी, चहाची गाळणी कुठं ठेवली?" मला पक्कं ठाऊक होतं की चहासाठी न्हाई. त्यांना पेट्रोल गाळायचं होतं. मी म्हणाले, "त्या गाळणीला हात लावलात तर आल्यावर तुमाला अंगणातच जेवायला वाढीन." ते खो-खो हसले, फोन ठेवला... आणि तेच आमचं शेवटचं बोलणं. अंगणात, गाडीशेजारच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेले. डॉक्टर म्हणाले, कळलंसुद्धा नसेल. दोन महिने होत आले याला.

तर ही गाडी. पन्नाशी उलटलेली, फिकट पिवळी, जपानात तयार झालेली मोटार. कंपनीचं नाव गल्लीत कुणालाच धड म्हणता आलं नाही, म्हणून सगळे तिला 'जपानीण' म्हणायचे. तेराव्याला आलेल्या प्रत्येकानं पंगतीत बसता बसता एकच विचारलं, आता त्या जपानिणीचं काय? भाऊजींची एकुलती एक लेक मंजू पुण्याला असते, चौथ्या मजल्यावर. ती गाडी कुठं नेणार? तिनं फोनवर एका शौकीन गृहस्थाशी बोलून घेतलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. चालू असेल तर अख्खी घेतो, बंद असेल तर इंजिन, दारं आणि काचा तेवढ्या काढून नेतो. त्यात वावगं काही नव्हतं. पण भाऊजींनी आयुष्यात मागणं म्हणून एकच केलं होतं, ते मला आणि मंजूला तोंडपाठ होतं. "विका, कुणाला द्या, पण माझ्यामागं हिचे तुकडे करू नका." आणि गेले तेव्हा तिचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला पाजणारा तो ठोकळा, सुटा होऊन पडवीतल्या टेबलावर पडलेला होता. गृहस्थ पुढच्या रविवारी येणार होते.

आता तुमाला मागचं सांगायला पाहिजे. भाऊजी सरकारी कचेरीत कारकून. बायको लवकर गेली, मंजू माझ्याच हातावर वाढली, आणि आमचे हे गेल्यावर घरात मोठी अशी आमी दोघंच. सेलूला एका जिनिंगच्या मागच्या शेडात ही गाडी कितीतरी वर्षं सरकीच्या पोत्यांखाली पडून होती. मालकाच्या वडलांनी हैदराबादेहून आणलेली. भाऊजी कुणाच्या तरी कामानं तिथं गेले आणि तिच्या प्रेमात पडले, दुसरा शब्द नाही माझ्याकडं. मालक म्हणाले, नेता तर न्या, आमाला जागा मोकळी होईल. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून घरी आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडीची सात अंडी निघाली. मी आपली रीतीप्रमाणं हळदीकुंकू, नारळ, लिंबू घेऊन दारात. बघते तर गाडीला चाकंच नाहीत, विटांवर उभी. मी विचारलं, "भाऊजी, लिंबू ठेवू कशाखाली?" ते म्हणाले, "सरबत करा वहिनी, उन्हातनं आलोय."

तिथून पुढं आमचं अंगण काही अंगण राहिलं नाही. कचेरीतनं आले की चहा, आणि चहा झाला की गाडीखाली. गंजलेला पत्रा कापायचा, नवा जोडायचा, खळग्यांत लांबी भरून कागदानं घासत बसायचं. माझं वाळवण, पापड, कुरडया सगळं गच्चीवर गेलं, कारण खाली वाळू घातलं की पिवळी पूड बसायची. सुटे भाग इथं कुठले मिळायला? एक दिव्याची काच हैदराबादच्या जुन्या बाजारात मिळाली. एक बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी धातूची बांगडी, सेलूच्या लेथवाल्यानं तीनदा करून दिला, तिसऱ्यांदा बसला. सीटची खोळ मी माझ्या मशीनवर शिवली. कुठून तरी कारखान्याच्या पुस्तकाच्या झेरॉक्स मागवल्या होत्या, त्या सगळ्या जपानीत. मला तर ती ठिपक्यांची रांगोळीच वाटायची. भाऊजी चित्रं बघून चालायचे.

पण त्यांची खरी हिकमत वेगळीच होती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असायचं. त्या दिवशी गाडीतनं जे काही सुटं केलं, ते त्याच दिवसाच्या पानात पुडी करून ठेवायचं. जोडताना उलटं जायचं. शेवटच्या तारखेची पुडी आधी, पहिल्या तारखेची शेवटी. कचेरीत जन्मभर फायलींचं हेच केलेलं, ते गाडीलाही लावलं. मला याचा पत्ताच नव्हता. मला दिसायचं ते एवढंच की कपाटाचे दोन खण तेलकट कागदांनी भरलेत, आणि दिवाळी चार दिवसांवर आलीय. भाऊजी कचेरीत गेले आणि मी दोन्ही खण उपसले. कागद बंबात घातले. नट, बोल्ट, पितळी तुकडे, सगळं एका परातीत घेऊन देवाच्या भांड्यांसारखं चिंचेनं घासलं, धुतलं आणि जुन्या धोतरावर उन्हात पसरून दिलं. इतकं लखलखत होतं की मीच चार वेळा जाऊन बघून आले.

संध्याकाळी भाऊजी आले, धोतरापाशी उभे राहिले. मी आतनं बघत होते, आता कौतुक करतील म्हणून. ते खाली बसले, एक बोल्ट उचलून उन्हात धरला. मग त्यांनी कॅलेंडरचं काय ते सांगितलं, अगदी हळू आवाजात. मी रडायला लागले तर म्हणाले, "चिंच कोणती होती वहिनी? चकाकी लय आलीय." एवढंच. पण सुटकाही केली नाही. म्हणाले, मिसळलं तुमी, निवडायचंही तुमीच. आणि मग काय, पुढच्या दिवाळीपर्यंत रोज दुपारी मी सूप घेऊन बसायचे, तुरीच्या डाळीतनं खडे निवडावेत तसे बोल्ट निवडायला. हा लांब, हा आखूड, याचे आटे बारीक, याचे जाड. मग एकेक घेऊन गाडीत जिथं बसेल तिथं लावून बघायचा. सातवी शिकलेली बाई मी, पण त्या वर्षात मला इंजिन असं कळलं, जसं नवं सासर कळतं. कोण कुणाशेजारी बसतं, कुणाचं कुणाशी जमत नाही, सगळं.

गाडी चालू झाली त्याच्या पुढच्या वर्षी. पहिली फेरी पिंगळीपर्यंत, मी पुढच्या सीटवर, मंजू मागं. स्टेशनाबाहेर चहा घेतला तोवर गाडीभोवती जत्रा. एकानं विचारलं, कितीला घेतली? भाऊजी म्हणाले, "आमच्या वहिनीला विचारा, निम्मी त्यांनी बांधलीय." मी घाईनं जाऊन पुढच्या सीटवर बसले. नंतर कितीतरी रविवार तीच फेरी. तेल बदलायचं, प्लग घासायचे, रबराला खडूची पूड लावायची, पावसाळ्यात खालचा पत्रा पुसायचा. भाऊजी म्हणायचे, गाडी दुरुस्त करणं सोपं, ती दुरुस्त राहील हे बघणं अवघड.

आणि आता ते नव्हते, आणि तिचा कार्बोरेटर टेबलावर सुटा. मंजूनं गावातला एक चांगला मेकॅनिक बोलावला. पोरगा प्रामाणिक निघाला. वाकून बघितलं, हात पुसले, म्हणाला, आजी, आमी कॉम्प्युटरवाल्या गाड्या शिकलो, हे शिकलोच न्हाई. तो गेल्यावर मंजू म्हणाली, "मोठी आई, जाऊ दे. आपल्या हातात नाही." मी चष्मा शोधला.

टेबलावर चार पुड्या होत्या. मंगळवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार. आता मला वाचता येत होतं ते. शनिवारी सकाळी ते गेले, म्हणजे शनिवारचं पान कॅलेंडरवरच होतं. आणि शनिवारी काढलेलं आधी बसणार. ते कुठाय? आमी दोघींनी पडवी झाडून काढली, स्टुलाखाली, गाडीखाली चाचपलं. शेवटी मंजूला टेबलामागच्या वाडग्यात माझी गाळणी सापडली. पेट्रोल कधीच उडून गेलेलं आणि जाळीत ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा पितळी जेट, पेट्रोल ज्याच्या बारीक भोकातनं जातं तो, स्वच्छ, कोरडा. गाळणीवर मला रागवायचंच राहून गेलं.

तीन दिवस लागले. बारीक स्क्रू बसवताना मंजू टॉर्च ठेवून माझं मनगट धरायची. शनिवारचं बसलं, मग शुक्रवार, मग गुरुवार... मंगळवारची पुडी सुटली तेव्हा बाहेर एकही तुकडा शिल्लक नव्हता. हवेचा स्क्रू पूर्ण आत, मग बाहेर अडीच फेरे. भाऊजी ते फेरे मोठ्यानं मोजायचे, मीही मोजले. मंजूनं सेल्फ मारला. खोकली, काळा धूर, बंद. मी पाव फेरा कमी केला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा ती अशी काही उठली की मंजू चावी सोडायचीच विसरली आणि आतनं करकर आवाज यायला लागला. मी ओरडले, सोड गं चावी, दात झिजतील तिचे. मग आमी दोघी अंगणात उभ्या राहून हसत सुटलो. शेजारच्या बाई भिंतीवरनं डोकावल्या. सुतक फिटून आठवडा झाला नव्हता, त्यांना काय वाटलं असेल देव जाणे.

रविवारी ते गृहस्थ आले. माझ्याच वयाचे, निवृत्त. बॉनेट उघडून बराच वेळ उभे राहिले, मग विचारलं, कार्बोरेटर कुणी बसवला? मंजूनं माझ्याकडं बोट केलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या हाताकडं बघितलं आणि बॉनेट अलगद लावलं. मोठ्या ट्रकवर चढवून, दोर बांधून अख्खी नेली. दाराला साधा ओरखडाही नाही. मी डोळे पुसले, खोटं कशाला सांगू. पण जेवले पोटभर.

आठ दिवसांनी त्यांचा फोन. "वहिनी, सकाळच्या थंडीत अडखळतेय हो, काय करू?" मी म्हणाले, फोन बॉनेटपाशी धरा. ऐकलं, आणि हवेचा स्क्रू पाव फेरा ढिला करा म्हणाले. तेव्हापासून रविवारी नऊ वाजले की त्यांचा फोन ठरलेला. कधी चोक, कधी पॉईंट, कधी नुसतीच कुरकुर. मी गॅस बारीक करते, म्हणजे कुकर मधे बोलत नाही.

काल म्हणाले, "आज काही तक्रार नाही वहिनी. नुसतं ऐकवायला केला."

मी खुर्ची ओढून बसले.