खड्डा होता, तेवढं लिहून द्या

चाळिशीत सायकल शिकले. बोईसरच्या कारखान्यात पॅकिंगला जाते, आणि शेअर रिक्षात चौथी सवारी होऊन अर्धी बाहेर लटकायचा वैताग आला होता. दुसऱ्याच महिन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यात आपटले. डावं मनगट मोडलं.

नवरा म्हणाला, "खड्ड्याला कशाला नावं ठेवतेस? तुला हँडल धरता येत नाही. सायकल विकून टाक."

अस्सा राग आला! मी ग्रामपंचायतीत नुकसानभरपाईचा अर्जच टाकला. पैशाची आशा नव्हती हो. पण नवऱ्यानं पैज लावली होती, "खड्डा असल्याचा शिक्क्याचा कागद आण, मग ठेव सायकल."

चार खेपा घातल्यावर ग्रामसेवक कबूल झाले. "ताई, सोमवारी पाहणीला येतो."

सोमवारी ग्रामसेवक भाऊसाहेब आले, तर खड्डा गायब! विटांचे तुकडे, माती, वरून शेणानं झकास सारवलेलं. दारात सासूबाई खुशीत उभ्या. त्या मूळच्या चिंचणी गावच्या, बोलीही तिकडचीच. पाहुणा येणार म्हटलं की त्यांचे हात शिवशिवतात.

"सायेब येनार नि रस्ता असा? आपली कायतरी इज्जत हाय का नाय? पाटंपासून बसून बुजवला."

कपाळावर मारायलाही माझा एकच हात मोकळा होता.

भाऊसाहेबांनी चहा घेतला आणि ते लिहायला लागले, "खड्डा आढळला नाही." ते वाचून मला रडूच फुटलं, चारचौघांत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली कुदळ उचलली.

"थांबा, लिवू नका." पाचसहा घावांत सगळं उकरून काढलं. "आता बगा. एवडा व्हता."

भाऊसाहेब तणतणत निघून गेले. आठ दिवसांनी नोटीस आली, माझ्याच नावानं. सदर ठिकाणी दीड फूट खोल व सायकलस्वारांस धोकादायक खड्डा आढळून आला. विनापरवाना रस्ता खोदल्याबद्दल दंड भरावा. खाली सही, शिक्का.

नवऱ्यानं दोनदा वाचली. "पण हा तर आईनं खोदलाय!"

"मी नुसता माजा भराव काडला," सासूबाई म्हणाल्या. "खालचा तुज्या बायकोचाच हाय."

 संध्याकाळी नवरा दंड भरून आला, आणि येताना माझ्या सायकलचं वाकलेलं पुढचं चाक सरळ करून घेऊन आला.