तेल पिणाऱ्या गाडीची परीक्षा

नव्या गाडीचं बॉनेट उघडायची गरजच पडत नाही, असं गाडी ताब्यात देताना शोरूमवाल्यांनी मला सांगितलं होतं. माझ्यासारख्या माणसाला असं सांगणं म्हणजे ते उघडायचं आमंत्रणच. तरी मी तिसऱ्या वर्षापर्यंत स्वतःला आवरलं. मग एका रविवारी सकाळी, पालघरला आमच्या सोसायटीच्या आवारात, फाटका बनियन घालून, दोन प्रेक्षक जमेपर्यंत थांबून, मी बॉनेट उघडलं. ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, परत घातली, पुन्हा काढली. त्या पट्टीवर दोन खुणा असतात, एक वर आणि एक खाली. माझं ऑइल खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला कसंबसं चिकटलेलं.

सर्व्हिसिंग होऊन तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. गाडीखाली थेंब नाही, मागून धूर नाही. मग ऑइल गेलं कुठे?

मी बाटलीभर ओतलं आणि महिनाभराने परत पाहिलं. परत खाली! तेव्हापासून मला चैन पडेना. सकाळी पाहायचं, कारखान्यात पोचल्यावर पाहायचं, जेवणाच्या सुट्टीत पाहायचं. बायको म्हणाली, "अहो, माझ्या तापातसुद्धा तुम्ही इतक्या वेळा थर्मामीटर लावला नव्हता." कारखान्यातला फोर्कलिफ्टवाला पट्टीकडे न बघताच म्हणाला, "साहब, टर्बो है ना? टर्बो तो पिएगा ही. नॉर्मल है." सोसायटीतले एक निवृत्त गृहस्थ त्यांच्या वीस वर्षांच्या गाडीवर हात फिरवत म्हणाले, "आमची एक थेंब पीत नाही हो." त्यांच्या चेहऱ्यावर असा भाव, की माझी गाडी वाईट संगतीला लागली आहे.

शेवटी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथे टाय लावलेला, अत्यंत गोड बोलणारा सल्लागार होता.

"सर, नव्या इंजिनांत थोडं ऑइल जातंच. नॉर्मल आहे."

"थोडं म्हणजे किती?"

इथे माझा धंदा सांगायला हवा. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी आलेला कच्चा माल तपासतो. 'थोडं' हा शब्द आमच्या कागदांवर चालत नाही. सल्लागाराने मुकाट्याने कंपनीचं पुस्तक उघडलं. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत नॉर्मल. त्याच्या वर गेलं, तर कंपनी इंजिन उघडून स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करणार. वॉरंटी असेपर्यंत. नंतर खर्च माझा, आणि इंजिन उघडायचा खर्च ऐकून मी त्यांचं पाणी मागून प्यायलो.

माझ्या वॉरंटीचे चारच आठवडे उरले होते.

परीक्षा सोपी होती. जुनं ऑइल काढून नवं मोजून भरलं. मग ऑइल काढायच्या बोल्टवर, फिल्टरवर आणि वरच्या टोपणावर पिवळ्या रंगाचा एकेक पट्टा ओढला, अर्धा टोपणावर, अर्धा इंजिनावर. टोपण जरा फिरलं की पट्टा तुटणार. "पट्टी कितीही वेळा बघा सर, पण टोपण उघडायचं नाही. हजार किलोमीटर झाले की या, ऑइल काढून परत मोजू. जितकं कमी भरेल तितकं इंजिनानं खाल्लं. पट्टा तुटला तर टेस्ट रद्द."

हजार किलोमीटर! माझं रोजचं जाणं-येणं तीस. चार आठवडे इमानेइतबारे कामावर गेलो तरी हजार होत नाहीत. म्हणून मी किलोमीटर गोळा करायला निघालो. कोथिंबीर आणायला पार तारापूर गावात. चहाला नवापूर. पाम गावात एका सहकाऱ्याच्या पुतण्याची मुंज झाली होती, तिला मी न बोलावता तीन दिवस उशिरा जाऊन आलो. बोईसरच्या नाक्यावर कोणी ओळखीचं दिसलं की काच खाली करायचो, "कुठे सोडू?" लोक आधी आनंदले, मग संशय घेऊ लागले. एकाने तर विचारलं, "निवडणुकीला उभे राहताय का?"

अठरा दिवसांत आठशे चाळीस झाले. पट्टीवरचं ऑइल खाली खाली येत होतं, आणि मला भीती वाटण्याऐवजी उकळ्या फुटत होत्या. अर्ध्या लिटरच्या पलीकडे जाणार, जिंकणार!

त्या रविवारी किनाऱ्यावरच्या दांडी गावाला गेलो. तिथे माझा शाळेतला मित्र राहतो, मासेमारीच्या बोटीचा तांडेल. बोट त्याची, खलाशी त्याचे, दर्यावर शब्द त्याचा. पण पावसाळ्याची बंदी चालू होती. होड्या खाडीच्या कडेला वर ओढून ठेवलेल्या. बंदी संपत आलेली, म्हणून जो तो आपली होडी रंगवत होता. बोट वर असली की तांडेलाचं काय होतं ते पाहायचं असेल तर जुलैत दांडीला जावं. जाळी विणून झाली, रंग होत आला, इंजिन चारदा पुसलं, आता करायचं काय? माझ्याहून अस्वस्थ असा तो एकच माणूस मला त्या महिन्यात भेटला.

मी त्याच्या अंगणात, बॉनेट उघडून, सगळं नाट्य उभं केलं. पट्टी तलवारीसारखी उपसली. इंजिन कसं रोज घोट घोट पितं, ऑइल कसं तळाला गेलंय, असंच चाललं तर एक दिवस इंजिन कसं जाम होऊन रस्त्यात बसेल, हे हातवारे करून दाखवलं. त्याची बायको, आई, शेजारी, सगळे दारात. परीक्षेचा भाग मी शेवटी सांगणार होतो. चांगली गोष्ट सांगणारा मुद्दा आधी टाकत नाही. इतक्यात त्याची बायको म्हणाली, "भावजी, आधी जेवा, गार होतंय." मी मुद्दा राखून ठेवला आणि सुक्या बोंबलांकडे गेलो.

मित्र माझ्या आधी उठला. मी भातावर दुसरी वाढ घेत होतो.

हात धुऊन बाहेर आलो तर तो बॉनेट बंद करून बोटं पुसत होता. चेहऱ्यावर असं समाधान, की बंदी उठली असावी.

"घे, बिनघोर जा आता. भरलंय."

"काय भरलंय?"

"ऑइल. बोटीचं होतं घरात. दुसऱ्याचीबी होडी सुटताना तेल बगितल्याशिवाय आमी सोडत नाय, तू तर माजा दोस्त. असं कोरडं इंजिन घेऊन जायाला देऊ व्हय?"

मी बॉनेट उघडलं. टोपणावरचा पिवळा पट्टा मधोमध तुटला होता, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मी आता, उशिरा, राखून ठेवलेला मुद्दा सांगितला. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या गोष्टीच्या शेवटाला कोणी टाळी दिली नाही.

"हे आधी सांगायला काय झालतं तुला?" तो ओरडला. "अर्धा तास नाचलास, मंग हे नाय सांगता आलं?"

त्याची आई आतून म्हणाली, "त्याला कशाला बोलतंस? इचारल्याबिगर हात तू घातलास."

मग मी विचारलं, "किती ओतलंस?"

त्याने डबा आणला. डब्याला बाहेरून खुणा होत्या. अर्धा लिटर आणि वर जरासं. मी डोक्याला हात लावला. म्हणजे आठशे चाळीसमध्येच मर्यादा ओलांडली होती. मी जिंकलो होतो आणि पुरावा पुसला गेला होता.

तांडेल उठला. त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. जुलैत पहिल्यांदाच त्याला काम मिळालं होतं. घरातून तो बारीक पारदर्शक नळी घेऊन आला, होडीवरून रंगाचा डबा आणला, आणि होडीवर नाव लिहायचा बारीक ब्रश. रंग पिवळा.

"बग. पट्टीच्या भोकातनं नळी घालतो. ओतलं तेवढंच ओढून काढतो, याच डब्यात, याच खुणेपर्यंत. मंग टोपण घट्ट करतो आणि पट्टा मारतो. कुणाच्या बापाला कळणार नाय."

त्याने झाकणावर पांढऱ्याचा थेंब घालून पिवळा मिसळायला घेतला आणि पट्ट्याशेजारी धरला. तंतोतंत तोच रंग! खरं सांगतो, मला अतोनात आनंद झाला. असली कारागिरी मला नेहमीच भुरळ घालते. मी वाकून टॉर्च धरला. नळी आत गेली.

आणि मला आमच्या कारखान्याचं गेट आठवलं. सील तुटलेला ड्रम आला की ड्रायव्हर खाली उतरतो आणि सांगायला लागतो. वाटेत खड्डा लागला साहेब, दोर घासला साहेब, माल तोच आहे साहेब. बरेचदा माल तोच असतो, हे मलाही ठाऊक असतं. तरी वीस वर्षांत मी एकही ड्रम आत घेतलेला नाही. काहींना तर मी हसलोही आहे.

"थांब," मी म्हणालो.

"का?"

"नको. राहू दे."

"अरे, खोटं काय हाय त्यात? तेल गेलं ते गेलंच ना? मी काय जास्त काढतोय?"

"तेल खरं आहे. पट्टा खोटा होईल."

त्याने नळी बाहेर ओढली. "तू शाळेपासून असाच. मजा सगळी करायची आणि ऐन टायमाला मास्तरासमोर उभा राहायचं. आणि मार? मार आमी खायचा!"

दुसऱ्या दिवशी सल्लागाराला मी सगळं सरळ सांगितलं. हातवारे न करता, म्हणून तीन मिनिटांत संपलं. तांडेल डबा घेऊन शेजारी उभा होता. सल्लागार वाईट वाटून म्हणाला, "सर, माझा विश्वास आहे. पण सिस्टिममध्ये विश्वासाचा रकाना नाही." परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. नवं ऑइल, नवे पट्टे. वॉरंटीचे नऊ दिवस शिल्लक.

मी रजा टाकली. तांडेल आपणहून शेजारी येऊन बसला. बोईसरच्या गर्दीत हजार किलोमीटर नऊ दिवसांत होणं शक्य नव्हतं, म्हणून मनोर गाठायचं आणि हायवे धरायचा. तलासरीपर्यंत वर, परत खाली, परत वर. एकदा जव्हारला जाऊन आलो. हिरवे डोंगर, भातलावणी, धुकं, आणि आम्ही दोघं दर पन्नास किलोमीटरला गाडी थांबवून, इंजिन निवायची वाट पाहत, पट्टी बघणारे.

ऑइल हलेना.

दोनशेला हलेना, चारशेला केसभर. मोकळ्या रस्त्यावर इंजिन शहाण्यासारखं वागू लागलं होतं. सगळं जग गाडीने तेल पिऊ नये म्हणून देव पाण्यात घालतं, आणि तांडेल डॅशबोर्डवर थोपटत म्हणत होता, "पी गं बाय, पी. रोज पितेस ना, आज लाजतेस कशाला?" सहाशेला त्याने चढावर मला गिअर बदलू दिला नाही, इंजिन रडेपर्यंत. आठशेला आम्ही दर पंचवीसला पट्टी बघू लागलो. शेवटचे दीडशे मी मुद्दाम बोईसरच्या फाटकात, एमआयडीसीच्या ट्रकांमागे, रांगत काढले. तेव्हा कुठे ऑइल भराभर उतरू लागलं. पण हजार भरले.

मापाचं भांडं सल्लागाराने माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. इंजिनानं प्यायलेलं ऑइल अर्ध्या लिटरला कटिंग चहाएवढं कमी.

"मर्यादेत आहे, सर. नॉर्मल."

"पण शहरात इतकं आणि हायवेला इतकं?"

"चालवण्यावर असतं, सर."

मी कागद नीट वाचला, कारण कागद वाचणं मला येतं. आकडा बरोबर, मर्यादा बरोबर, पट्टे शाबूत. असा कागद माझ्या टेबलावर आला असता तर मी पास केला असता. मी सही केली. तीन दिवसांनी वॉरंटी संपली. इंजिन आता माझं, त्याच्या सवयींसकट.

तांडेलाला दांडीला सोडायला निघालो. पाम मागे पडलं तेव्हा म्हणाला, "माज्यामुळं गेलं ना रे?"

"छे! वेडा आहेस का? तुझ्या डब्याच्या खुणा बोटीच्या. मी घरी पाणी ओतून मोजलं, चुकीच्या आहेत. पहिली टेस्टही नॉर्मलच निघाली असती."

"डबा कुठं होता तुज्याकडं?"

"अं?"

"डबा माज्या मांडीवर हाय. तवापासून माज्याकडंच हाय. तू घरी कशात मोजलंस?"

समोरून मासळीचा रिकामा टेम्पो आला, त्याला मी गरजेपेक्षा जास्त जागा दिली.

"मंग बोल की," तो म्हणाला.

"गेलं तुझ्यामुळंच," मी म्हणालो. "आणि माझ्यामुळं. अर्धं अर्धं."

"अर्ध्याच्या वर जरासं माजं," असं म्हणून त्याने काच खाली केली आणि दांडी येईपर्यंत हात बाहेर लटकत ठेवला.