हुंकाराची ड्यूटी

आमच्या सायलीच्या पॉडकास्टच्या पहिल्या भागात मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत आहे आणि त्यात मी एकही वाक्य बोललेलो नाही.

सायली माझी मुलगी. कराडला कॉलेजात शिकते. यंदा त्यांना एका पेपरऐवजी पॉडकास्टची मालिका करायला सांगितली. पॉडकास्ट म्हणजे काय हे मी पलूसच्या बाजारात बऱ्याच जणांना समजावलं आणि सगळ्यांनीच ‘म्हंजे रेडिओच की’ म्हणून मला गप्प केलं. सायलीचा विषय होता गावातले फौजी. सगळे भाग सोमवारी जमा करायचे, नाहीतर विषय राहिला म्हणून समजा. बाकीचे भाग झाले होते. पण ज्याच्यावर सगळी भिस्त, तो पहिला भाग तिनं कुणासाठी राखून ठेवावा? आमच्या आप्पांसाठी!

आप्पा म्हणजे माझे थोरले भाऊ. सुभेदार होऊन निवृत्त झाले, शेजारच्याच घरात राहतात. बोलणं इतकं कमी, की सुट्टीवर आले काय आणि गेले काय, घरात आवाजाचा फरक पडायचा नाही. ते भरती झाले तेव्हा मी कराडला कॉलेजात होतो. वडील अंथरुणाला खिळलेले, शेताकडं बघायला कुणीतरी हवं, म्हणून मी शिक्षण सोडून घरी आलो, तो अजून उसातच आहे. यावर आम्ही भाऊ कधी बोललो नाही. आप्पांनी एकदा तरी त्याबद्दल काही म्हणावं असं मला फार वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण ते म्हणाले नाहीत आणि मी विचारलं नाही.

पुतणीला मात्र त्यांनी होकार दिला. अट एकच घातली, एकदाच बोलणार. चुकलं, राहिलं, पुन्हा बोला, असलं काही चालणार नाही.

रविवारी दुपारी आमची पुढची खोली स्टुडिओ झाली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर घरातल्या सगळ्या वाकळा टांगल्या. खिडक्या लावल्या. पंखा घरघरतो म्हणून बंद. फ्रिजही बंद (त्यात नासलेल्या दुधाचा विषय आमच्या घरात अजून चालू आहे). भर दिवसा खिडक्या बंद, दारात चपला आणि आत चिडीचूप, हे बघून शेजारच्या काकी डोक्यावर पदर घेऊन आल्या आणि माझ्या बायकोला हळूच विचारू लागल्या, “कवा गेलं?”

काकींना चहा पाजून परत पाठवलं आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. “आमची पोस्ट लय उंचावर होती,” आप्पा म्हणाले आणि थांबले. सायलीनं हातानं ‘पुढं बोला’ अशी खूण केली. आप्पा तिच्याकडं बघत बसले. तिनं दोन्ही हात हलवले. शेवटी त्यांनी कानावरचा हेडफोन काढला.

“पोरी, कुणी हं म्हणंना. सांगू कुणाला?”

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आमच्याकडं सांगणाऱ्याला हुंकार लागतो. समोरचा ‘हं’, ‘व्हय’, ‘बरोबर’ म्हणत राहिला तरच बोलणं पुढं सरकतं. फोनवर जरा हुंकार थांबला तर पलीकडचा माणूस ‘हॅलो, हॅलो’ करायला लागतो. पण सायलीला कॉलेजात शिकवलं होतं की पाहुणा बोलत असताना विचारणाऱ्यानं चकार शब्द काढायचा नाही. तेव्हा आप्पांनीच तोड काढली. बाळूला बसव म्हणाले, त्याला दुसरं काय काम हाय? बाळू म्हणजे मी.

आता माझी अवस्था सांगतो. आमच्या भागात शेतीची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती. मी रात्रभर उसाला पाणी पाजून आलेलो. वर रविवारचं मटण पोटात. बंद खोली, चारी बाजूंनी वाकळा आणि कानावर आप्पांचा एकसुरी आवाज! तरी सुरुवात मी झकास केली. कुठं ‘हं’, कुठं ‘तर तर’, बर्फाचा विषय निघाला तेव्हा एक लांबलचक ‘आरारारा’ सुद्धा दिला. त्यानंतरचं मला आठवतं ते थेट बायकोनं चहासाठी हलवून उठवलेलं. सायली वाकळा उतरवत होती, आप्पा घरी गेले होते. माझं काम कसं झालं असं विचारलं, तर सायली ‘छान’ म्हणाली आणि घड्या घालत राहिली.

मग एडिटिंग. सायलीनं माझे सगळे हुंकार एकेक करून खुडून काढले आणि सुरुवात आप्पांना ऐकवली. आप्पांचा चेहरा उतरला. “ह्यो मी कुणाशी बोलतोय, भिताडाशी? माणसं म्हंतील सुभेदाराचं डोकं फिरलं.” असलं बाहेर जाऊ देणार नाही म्हणाले. सोमवार दारात उभा, पोरगी रडकुंडीला आलेली. मी म्हटलं, चल, परत घालू. माझेच हुंकार, कुठला कुठं बसतो ते मला कळेल.

कसलं कळतंय! निम्म्याच्या पुढचे सगळे ‘हं’ एका मापाचे, संथ, लयीत. बायको आतून ऐकत होती. ते झोपेतले आहेत, असं तिनं तिथूनच सांगितलं. संसाराच्या अडचणी सांगताना तिला वर्षानुवर्षं हेच मिळत आलेत म्हणे.

सायलीनं मध्येच लॅपटॉप थांबवला. “पप्पा, हे आप्पांनी कापायला सांगितलंय. कापायच्या आधी तुम्ही ऐका.” आणि तिनं हेडफोन माझ्या कानावर ठेवला.

“झोपला व्हय गं बाळू?” आप्पांचा आवाज. उठवू का, असं सायली विचारते. “नगं. झोपू दे. रातभर पाणी पाजलंय त्यानं.” मग ते खाकरतात. “ह्येचं कॉलेज माझ्यापायी सुटलं बग. माझ्यापरास लय हुशार होता. मी रिटायर होऊन आलो तर गावानं हार घातलं. ह्येला कुणी घातला न्हाई. जागा असला की मला बोलायला हुत न्हाई.”

आणि त्यावर, अगदी स्पष्ट, माझा आवाज: “बरोबर.”

मला रडू आलं. पोरीसमोरच आलं. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते समोर चालून आलं आणि मी त्याला हुंकार देऊन घोरत पडलो. सायलीनं कापू का विचारलं. मी म्हटलं, काप, त्यांनी सांगितलंय ना. तिनं कापलं.

मालिका वेळेत जमा झाली, मार्कही चांगले मिळाले. तिच्या मॅडमनी खास शेरा मारला की पहिल्या भागातल्या श्रोत्याची एकाग्रता वाखाणण्यासारखी आहे. बायकोनं तो मला मोठ्यानं वाचून दाखवला.

हल्ली दुपारचं जेवण झालं की मी आप्पांच्या पडवीत जाऊन बसतो. खांबाला टेकतो आणि डोळे मिटून झोपेचं सोंग घेतो. आप्पा जरा वेळानं सुपारी बाजूला ठेवतात, खाकरतात, आता बोलणार असं वाटतं. पण तोवर मला खरोखरच झोप लागलेली असते.