उकळलेली पुडी

ये गं मालू, अशी जवळ बैस. पिल्लू आणून किती दिवस झाले आणि लस अजून नाही? वर म्हणतेस, पितृपक्ष संपू दे. ऐक आधी.

गेल्या पितृपक्षातली गोष्ट. मी कामाला असते त्या जनावरांच्या दवाखान्यात ब्रह्मा घाटावरचे गुरुजी आले. पंच्यात गुंडाळलेली टिकली. घाटावर सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, सदा त्यांच्या पायात घोटाळणारं. उलट्या, रक्ताचे जुलाब. पार्वो.

"लस?" मी विचारलं.

"पितृपक्षात नवं काही करत नाही आम्ही."

पार्वोचा विषाणू आतड्याची आतली साल सोलून काढतो. त्याला मारणारं औषध आमच्याकडे नव्हतं. सलाईन लावायचं, उलटी थांबवायची, बाकी जंतूंसाठी अँटिबायोटिक द्यायचं, बाकी पिल्लाची झुंज. उलटी थांबल्यावर डॉक्टरसाहेबांनी प्रोबायोटिक यीस्टच्या पुड्या दिल्या. यीस्ट म्हणजे जिवंत खमीर. विषाणूला मारत नाही, आतड्याला आधार देतं. अँटिबायोटिकने मरत नाही, पण उकळलं की मेलंच.

"पावातलं खमीर? माझ्या घरात पाव येत नाही, काकू."

"तुम्हाला कुठे खायचंय? टिकलीला द्या, साध्या पाण्यातून."

संध्याकाळी घरी नेलं. सकाळी परत घेऊन आले, जुलाब वाढलेले.

"पुडिया दी थी?" साहेबांनी विचारलं, ते हिंदीच बोलतात.

"दी. उबालकर, शुद्ध करके."

"गुरुजी," मी म्हटलं, "त्यातला जीवच गेला की हो."

साहेब म्हणाले, त्यामुळेच वाढलं असं नाही, रोगच तसा आहे. पण गुरुजींना ते ऐकूच गेलं नाही. सोवळं बाजूला ठेवून माणूस फरशीवर बसला. टिकली मांडीवर, धोतर घाण झालेलं. गार पाण्यात पुडी कालवून बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब पाजत राहिले. एकदा शेपूट हलली. दुपारी टिकली गेली.

उरलेल्या पुड्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. "कुणाला तरी लागतील. उकळू नका म्हणावं."

पितृपक्ष सरला नव्हता, तोच गुरुजी परत आले. टोपलीत घाटावरची पिल्लं.

"सगळ्यांना टोचा."

"पंचांग बघितलंत?"

"नाही बघितलं."

तर मालू, पुडी हा टेकू. भिंत लसच. उद्याच टोचून घे, पुढचे डोसही चुकवू नकोस. ते सगळे होईतो पिल्लाला घाटावर खाली सोडू नकोस. झाले की त्याला घेऊन ये गं लवकर. बघू दे मला, शेपूट कशी हलवतं ते.